थेंबे थेंबे फरशी भिजे

तुमच्या डिशवॉशरचं वय काय हो? आठवा जरा. २०२०चा लॉकडाउन. भांडीवाल्या मावशींचं येणं बंद, ऑफिस थेट डायनिंग टेबलावर, दिवसातून तीनदा सिंक ओसंडतंय... आणि ‘आपल्या भांड्यांना ते मशीन-बिशीन चालत नाही’ असं वर्षानुवर्षं ठणकावून सांगणारी मंडळी अचानक रात्री जागून डिशवॉशरचे रिव्ह्यू वाचतायत! बऱ्याच घरांत डिशवॉशर आला तो त्याच वर्षी.

ते मशीन आता पाच वर्षांच्या पुढे गेलंय. वॉरंटी केव्हाच संपली. एएमसी ‘पुढच्या महिन्यात बघू’ या खात्यात जमा. आणि मग एक दिवस मशिनच्या पुढ्यात, फरशीवर, पाण्याचा एक चिमुकला नकाशा उमटतो. पहिल्या दिवशी आपण तो पुसतो. दुसऱ्या दिवशी जुना टॉवेल टाकतो. तिसऱ्या आठवड्यात तो टॉवेल किचनच्या इंटिरिअरचाच भाग होऊन जातो.

पुढचे डायलॉग ठरलेले. एकजण म्हणतो, ‘जाऊ दे ना, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू, सेल लागलाय.’ सासूबाई म्हणतात, ‘मी तेव्हाच म्हणत होते, हाताने घासलेलं ते हाताने घासलेलं!’ आणि फोनवरचा आवाज म्हणतो, ‘मॅडम, मॉडेल जुनं आहे. व्हिजिट चार्ज लागेल, पार्ट मिळेलच असं नाही.’

थांबा, थांबा. आजचा आपला फंडा एकदम सिम्पल आहे. डिशवॉशर गळतोय म्हणजे तो संपला, असं अजिबात नाही. बऱ्याचदा प्रश्न एका रबराचा असतो, एका वॉशरचा असतो, नाही तर उलटसुलट ठेवलेल्या कढईचा! पैसे कशावर घालायचे हे ठरवण्याआधी फक्त तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची. पाणी कुठून येतंय? केव्हा येतंय? आणि किती येतंय? बस्स. एवढं कळलं की अर्धी दुरुस्ती झालीच म्हणून समजा.

गळतीचा जिल्हा, दुरुस्तीचाही

हे मी नगरहून लिहितेय. २०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तरी एसटीत तिकीट काढताना तोंडातून ‘एक नगर द्या’च निघतं. सावेडी, गुलमोहर रोड या भागातल्या फ्लॅटमध्ये आता नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. कुणी नागापूर एमआयडीसीत, कुणी सुप्याला, तर कुणी घरी बसूनच पुण्याच्या कंपनीत लॉग-इन. डिशवॉशर इथे आता नवलाईचा राहिलेला नाही. नवलाई सुरू होते ती मशीन जुनं झाल्यावर! जुन्या मॉडेलचा पार्ट म्हटलं की बऱ्याचदा पुण्याकडे बोट दाखवलं जातं, म्हणजे एका बाजूने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अशा वेळी फोनवर नुसतं ‘गळतंय हो’ सांगून भागत नाही. ‘पाणी बाहेर फेकताना मागच्या डाव्या कोपऱ्यातून येतंय’ असं सांगितलं तर येणारा माणूस बरोबर तोच पाइप घेऊन येतो. एक हेलपाटा वाचतो, तुमचाही आणि त्याचाही.

दुसरं कारण पाण्याचं. शहराच्या नळाला येणारं पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून येतं. सावेडीतल्या एका मुख्य रस्त्याचं नावच पाइपलाइन रोड आहे, बोला! जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत. इथल्या घरांत टाकी किती भरली हे कॉलेजच्या पोरालाही माहीत असतं. तिथे पाणी फुकट फरशीवर सांडणं म्हणजे जरा अतीच.

आणि गळती शोधून बंद करणं ही तर या जिल्ह्याची खासियत! पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आठवा. नाव घेतलं की अण्णा हजारे, उपोषणं आणि टीव्हीचे कॅमेरे डोळ्यांपुढे येतात. पण सैन्यातून गावी परतलेल्या अण्णांनी १९७५ नंतर जी कामं हाती घेतली, त्यातलं सुरुवातीचं एक काम म्हणजे चक्क लीकेज काढणं. गावाला पाझर तलाव होता, पण त्यात पाणी टिकतच नव्हतं. बांधातून निघून जायचं. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती गळती बंद केली आणि तलावाच्या खालच्या अंगाच्या सात विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिलं.

गंमत बघा. पाझर तलावाचं कामच मुळी पाझरणं! पाणी जमिनीत मुरलं तर विहिरी भरतात, बांधातून निसटलं तर वाया जातं. पाणी तेच, फक्त वाट चुकलेली. डिशवॉशरचंही अगदी तसंच आहे. आत पाण्याने धुमाकूळ घालायलाच हवा, त्याशिवाय कुकरला चिकटलेली डाळ निघायची कशी? तेच पाणी दारातून बाहेर डोकावलं की घोटाळा.

आधी प्लग, मग पराक्रम

हिरोगिरीच्या आधी सेफ्टी, प्लीज. मशीन बंद करा आणि प्लग काढा. प्लगपर्यंत जायला ओल्या फरशीवरून जावं लागत असेल तर थेट मेन बोर्डवरचा एमसीबी पाडा. मग सिंकखालचा अँगल कॉक बंद करा. मशिनला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर ‘जरासाच शॉक आहे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तो अर्थिंगचा किंवा आतल्या वायरिंगचा प्रॉब्लेम असू शकतो. तिथे आपलं काम संपलं, इलेक्ट्रिशियनचं सुरू.

नुकतंच चाललेलं मशीन असेल तर थंडही होऊ द्या. गरम प्रोग्रॅममध्ये आतलं पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापतं, चहाइतकं नाही पण हात पोळण्याइतकं नक्कीच.

केव्हा? : पंधरा मिनिटांची डिटेक्टिव्हगिरी

फरशी कोरडीठक्क पुसून घ्या. मशिनच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना जुना पेपर अंथरा. मशीन थोडं ओढता येत असेल तर मागेही. आता सगळं कोरडं असल्याची खात्री करून प्लग लावा, कॉक उघडा, सगळ्यात छोटा प्रोग्रॅम सुरू करा आणि टॉर्च घेऊन तिथेच बसा. हो, बसायचंच! ‘सुरू करून येते’ म्हणून बाहेर गेलात की भिजलेला पेपर मिळतो, उत्तर नाही. पेपर नेमका कुठे आणि मशिनच्या कुठल्या आवाजाबरोबर भिजला, हीच तर सगळी केस आहे.

सुरुवातीला सूंऽऽ असा आवाज येतो, तेव्हा मशीन पाणी आत घेत असतं. त्याच वेळी मागे थेंब दिसले तर संशय पाणी आणणाऱ्या इनलेट पाइपवर, त्याच्या वॉशरवर किंवा आतल्या व्हॉल्व्हवर.

मग फस्स-फस्स असा लयीत आवाज सुरू होतो. आतले पंखे फिरून भांड्यांवर फवारे मारत असतात. पाणी आता आलं तर दार, पंखे, फेस यांच्याकडे बघा. दार कोरडं आणि पोटाखालूनच पाणी येत असेल तर पंपाकडे.

त्यानंतर घरघर. मशीन घाण पाणी बाहेर फेकतंय. फक्त याच वेळी मागे पाणी येत असेल तर ड्रेन पाइप किंवा त्याची क्लिप.

आणि सगळ्यात गूढ केस म्हणजे मशीन बंद असताना होणारी गळती. रात्री सगळं कोरडं होतं, सकाळी दार उघडलं तर आत पाणी! हे पाणी नीट बघा. स्वच्छ असेल तर इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीये आणि नळाचं पाणी हळूहळू आत येतंय. घाण आणि वास मारणारं असेल तर सिंकचं पाणी ड्रेन पाइपमधून उलटं परततंय. पहिल्या केसमध्ये व्हॉल्व्ह बदलेपर्यंत वापर झाला की अँगल कॉक बंद ठेवा. दुसऱ्या केसमध्ये ड्रेन पाइप सिंकच्या खालच्या अंगाला उंच उचलून, कमानीसारखा वळवून बांधला की बहुतेकदा काम होतं. जाळीखालच्या खड्ड्यात पेलाभर पाणी राहणं मात्र नॉर्मल आहे हां, त्याने टेन्शन घेऊ नका.

कुठून? : फुकटापासून महागापर्यंत

खापराचा नळ असो की प्लास्टिकचा, पाणी सहसा सांध्याशीच सुटतं. पण पाना उचलण्याआधी फुकटातले संशयित तपासून घेऊ.

पहिला संशयित, फेस. डिशवॉशरची पावडर संपली म्हणून कुणीतरी साधं भांड्याचं लिक्विड घातलं की खेळ खल्लास. हे साबण फेसासाठीच बनवलेले. आत फेसाचा डोंगर होतो आणि तो दाराच्या फटीतून बाहेर येतो. फरशीवरच्या पाण्याला बुडबुडे दिसले तर गुन्हेगार सापडला. मशीन थांबवा, फेस आणि पाणी काढा, साबण न घालता दोन-तीनदा नुसतं खळबळून घ्या. संपला विषय.

दुसरा संशयित, आपली भांडी! मूळची डिशवॉशरची रचना चपट्या प्लेटांसाठी. आपल्याकडे परात, पातेलं, कढई, कुकर. खालच्या रॅकमध्ये दाराच्या बाजूला तिरकी परात लावली की फवारा तिच्यावर आपटून थेट दाराच्या फटीवर जातो. परात मागे किंवा कडेला, भांड्यांची तोंडं खाली, आणि मशीन सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. कालथ्याच्या दांड्यालाही तो अडकता कामा नये.

तिसरा, जाळी आणि पंखे. खालची जाळी शितांनी आणि तेलकट गाळाने तुंबली की पाण्याचं गणित बिघडतं. पंख्याच्या भोकात जिरं-मोहरी अडकली की फवारा वाकडा जातो. जाळी नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासा, भोकं टूथपिकने मोकळी करा. पंख्याला चीर गेलेली असेल तर तो बदलायचा. तो बहुतेक मॉडेल्समध्ये हातानेच निघतो.

चौथा, लेव्हल. हा फार साळसूद संशयित. आमच्या घरचं मशीन पुण्याच्या ताईकडून आलेलं. तिच्याकडे सहा वर्षं नीट चाललं, टेंपोतून इथे आलं आणि पहिल्याच आठवड्यात दाराखालून ओघळ. ज्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, त्यांनी प्रॉब्लेम विचारायच्या आधी एक्स्चेंजची किंमत सांगितली! शेवटी वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे एक काका आले. त्यांनी काहीही न उघडता गवंड्याची पाणसळ टबाच्या कडेवर ठेवली. मशीन पुढच्या बाजूला झुकलेलं. पुढचे दोन पाय पान्याने थोडे वर घेतले, दार दोनदा उघड-मिट केलं, छोटा प्रोग्रॅम लावला. कोरडं! नवीन पार्ट शून्य. घर बदलताना, फरशी नवीन बसवताना किंवा ओटा तोडताना मशीन हललं असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा. पाणसळ नसेल तर मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपही चालतं.

पाचवा, दाराचं रबर. इथे एक बारकावा आहे. बहुतेक मशिन्सना रबरं दोन असतात. एक टबाच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी फिरणारं, दुसरं दाराच्या खालच्या कडेला. पहिलं सगळ्यांना दिसतं, खालचं कुणी बघतच नाही आणि सगळा तेलकट काळा थर तिथेच साचतो. कोमट पाण्यात फडकं बुडवून दोन्ही रबरं, त्यांच्या घड्या आणि समोरची पट्टी पुसून काढा. रबर खाचेतून बाहेर आलं असेल तर बोटाने दाबून बसवा. चिरलंय, चपटं झालंय, दाबलं तरी उसळी घेत नाही? मग बदलायचं. नवीन रबर मॉडेल नंबर सांगूनच मागवा. ‘साधारण असंच’ वालं चालत नाही. बसवताना ताणू नका, वरच्या मधल्या भागापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना खाली या. मशिनच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ असतो.

आता मागची बाजू. इनलेट पाइपच्या दोन्ही टोकांच्या रिंगमध्ये एक छोटा वॉशर असतो. पाणी अडवण्याचं काम तो करतो, बाहेरचे आटे नाही. त्यामुळे आट्यांवर कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी फाटलेला वॉशर गळायचा तो गळतोच. वॉशर बदला, रिंग हाताने घट्ट करा, मग पान्याने अगदी थोडा पीळ द्या. जास्त आवळलं तर प्लास्टिकची रिंगच तडकते. आणि जरा अँगल कॉककडेही बघा. पुष्कळदा पाणी त्याच्या दांड्यातून पाझरतं आणि बदनाम होतं बिचारं मशीन.

ड्रेन पाइपचे शत्रू दोन. सैल झालेली क्लिप आणि उंदीर! हसू नका. ओट्याखालच्या उबदार अंधारात अन्नाचा वास असलेला मऊ पाइप म्हणजे उंदरांसाठी पार्टी. कुरतडलेल्या पाइपला एम-सील लावून तात्पुरतं भागेल, पण पाइप हलतो, तापतो, गार होतो. तो लेप कधी सुटेल सांगता येत नाही. पाइपच बदला आणि भिंतीतलं भोक बुजवा.

राहिला पोटातला प्रॉब्लेम. बऱ्याच मशिन्सच्या तळाला एक ट्रे असतो आणि त्यात थर्मोकोलचा छोटासा फ्लोट. आत कुठेही गळून ट्रेमध्ये पाणी साठलं की फ्लोट वर येतो, स्विच दाबला जातो, मशीन पाणी घेणं थांबवतं आणि पंप नुसता घरघरत राहतो. काही युरोपियन मशिन्सवर अशा वेळी ‘ई१५’ असा कोड झळकतो. यावरचा फेमस जुगाड म्हणजे मशीन तिरकं करून ट्रेमधलं पाणी ओतून देणं. मशीन लगेच सुरू होतं, मान्य! पण ते ताप मोजायचं थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखं आहे. ट्रेमध्ये पाणी आलं कुठून, हे शोधलं नाही तर आठवड्याभरात पुन्हा तेच. पंपाचं सील, तळाचं मोठं रबर, आतले पाइप हे काम जाणकार मेकॅनिकचं.

आणि हो, जड पाणी!

नगरमध्ये ज्यांच्या सोसायटीला बोअरचं पाणी येतं, त्यांच्यासाठी हा खास पॅराग्राफ. आपल्या काळ्या खडकातलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर जो पांढरा थर दिसतो, तोच डिशवॉशरच्या रबरावर, पंख्याच्या भोकांत आणि व्हॉल्व्हमध्ये बसतो. रबराच्या कडेवर कण बसले की ते नीट टेकत नाही, व्हॉल्व्हमध्ये बसले की तो पूर्ण मिटत नाही. म्हणजे गळतीची मुळं कित्येकदा पाण्यातच असतात.

उपाय मशिनमध्येच आहे. खालच्या मिठाच्या डब्यात डिशवॉशरचं जाड मीठ वेळेवर भरा, स्वयंपाकाचं बारीक मीठ नको. मीठ भरलं की सांडलेलं पुसून लगेच एक प्रोग्रॅम चालवा, नाही तर ते स्टीलला खातं. मशिनमधलं सॉफ्टनरचं सेटिंग आपल्या पाण्याच्या जडपणानुसार लावा. इथे एक गोंधळ नेहमी होतो. आरओवाल्याच्या मीटरवर दिसतो तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. जडपणा वेगळा मोजावा लागतो, त्यासाठी मशिनबरोबर आलेली कागदी पट्टी किंवा बाजारातलं टेस्ट किट वापरा.

जाता जाता, ही आपलीच रडकथा नाही बरं का. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या मशिनचं पेटंट घेतलं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची मशिन्स कामाला लागली होती. पण ऑर्डरी आल्या त्या हॉटेलांकडून. घराघरांत तेव्हा एवढं गरम पाणीच नसायचं! मशीन कितीही हुशार असो, शेवटी ते घरातल्या पाण्याच्या भरवशावर.

किती? : एका वाटीचा हिशेब

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गावाची मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला हे मोजायचं, पाणी किती आहे ते काढायचं आणि मग कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. आधी मोजणी, मग मत!

आपणही तेच करू. पाणी ठिबकतंय त्या जागेखाली १०० मिलिलिटरची वाटी ठेवा. समजा, सतत ठिबकणाऱ्या इनलेटखाली ती तासाभरात भरली. म्हणजे दिवसाला २.४ लिटर आणि वर्षाला ८७६ लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळजवळ रिकामी! नवी मशिन्स एका वेळच्या धुण्याला साधारण दहा-बारा लिटर पाणी घेतात. म्हणजे त्या एका वाटीतून वर्षभरात सत्तरहून जास्त वेळा भांडी धुऊन झाली असती.

मशीन चालू असतानाच गळत असेल तर पाणी एवढं जात नाही, पण ओल राहते. मॉड्युलर किचनचा प्लायवुड फुगतो, ट्रॉलीचे बिजागर गंजतात, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला डाग पडतो आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय निघतो. वाटीत अर्धा चमचा पाणी आलं तर रविवारपर्यंत थांबा. वाटी भरून वाहिली तर कॉक बंद आणि आजच फोन.

मग नवीन घ्यायचं की नाही?

आपला साधा हिशेब असा. फेस, मांडणी, लेव्हल, जाळी हे फुकटातलं. रबर, वॉशर, पाइप, क्लिप, पंखा यांसाठी मशीन बदलणं म्हणजे चप्पल तुटली म्हणून पाय बदलण्यासारखं. इनलेट व्हॉल्व्ह आणि पंपाचं सील यांसाठी लेखी एस्टिमेट मागा. टब गंजून भोक पडलंय, पंपही गेलाय आणि पाण्याने कार्डही उडालंय, असं तिन्ही एकदम असेल तर मात्र निरोप द्यायला हरकत नाही. एस्टिमेट नव्या मशिनच्या निम्म्या किमतीच्या पुढे गेलं तरी विचार करा.

आणि ‘मॉडेल जुनं आहे’ हे उत्तर गपगुमान ऐकून घेऊ नका. युरोपात १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार डिशवॉशरची रबरं, पंखे, जाळ्या असे पार्ट त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं साध्या ग्राहकालासुद्धा मिळायला हवेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारं यांच्या जोडीला घरगुती उपकरणंही त्यात आहेत. मागितलेला पार्ट का मिळत नाही हे ईमेलवर लेखी विचारा. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच.

टॉवेल कुणाचा?

शेवटचा मुद्दा जरा टोचणारा आहे. किचनमधली गळती महिनोन्‌महिने चालते, त्याचं कारण टेक्निकल कमी असतं. कारण असं की कुणीतरी ते पाणी गुपचूप पुसत असतं. आई, बायको, सकाळी येणाऱ्या मावशी. ज्यांना पुसावं लागत नाही त्यांना ‘एवढंसं तर पाणी आहे’ वाटतं. ज्यांना वाकून टॉवेल पिळावा लागतो त्यांना विचारा एवढंसं म्हणजे किती! डिशवॉशर घेतला होता तो घरातल्या बाईचे तास वाचावेत म्हणून. ते तास टॉवेल पिळण्यात परत जाणार असतील तर सहा वाट्या आणि दोन पातेली घासलेली काय वाईट?

म्हणून या रविवारचा कार्यक्रम फिक्स. ज्यांनी आजवर ती फरशी एकदाही पुसलेली नाही त्यांनी पेपर अंथरायचा, वाटी ठेवायची आणि टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं मशिनपुढे मांडी घालायची. बाकीच्यांनी मस्त आल्याचा चहा घ्यावा... कपसुद्धा तसाच ठेवावा सिंकमध्ये!